इथे हात लावू नका

आमच्या सर्व्हरच्या खोलीत, सगळ्यात खालच्या फळीवर, एक जुना संगणक रात्रंदिवस चालू असायचा. त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. मागे अंगठ्याएवढा एक डाँगल, म्हणजे सॉफ्टवेअरच्या परवान्याची चावी, खोचलेला आणि त्यावर चिकटपट्टी लावून कुणीतरी लिहिलेलं, ‘काढू नका’. त्याला काम एकच होतं. पार्सर म्हणजे एखाद्या भाषेतला मजकूर वाचून त्याची रचना लावणारा प्रोग्राम, आणि भाषेचं व्याकरण दिलं की तो बनवून देणारं टूल म्हणजे पार्सर जनरेटर. टीममधल्या कुणी आमचा पार्सर जनरेटर चालवायला घेतला की तो नेटवर्कवरून परवानगी मागायचा आणि हा संगणक ती द्यायचा. बाकी वेळ नुसता घोंघावत बसायचा.

ते टूल विकणारी मूळ कंपनी मी नोकरीला लागण्याआधीच दुसऱ्या कंपनीच्या पोटात गेली होती आणि ती दुसरी नंतर तिसरीच्या. आम्ही तिसरीला पत्र लिहिलं. उत्तर सभ्य होतं: हे उत्पादन आता आमच्या यादीत नाही, नवे परवाने देता येणार नाहीत, सोर्स कोड देण्याचा प्रश्नच येत नाही. डाँगल बिघडला तर काय करायचं, हे आम्ही मुद्दाम वेगळ्या ओळीत विचारलं होतं. त्या ओळीला उत्तर नव्हतं.

डाँगल गेला असता तर दुसऱ्या दिवशी आकाश कोसळलं नसतं. टूलने आधी तयार करून दिलेला सी भाषेतला पार्सर आमच्याकडे होता, तो चालत राहिला असता. पण आमच्या भाषेत एक नवा शब्द घालायचा म्हटला की घोडं तिथेच पेंड खाणार. ‘आमची भाषा’ म्हणजे अहवाल कसे बनवायचे याचे नियम लिहायची एक छोटी भाषा. छोटी म्हणून सुरू झाली आणि वीस वर्षांत वाढत वाढत तिचं व्याकरणच साडेनऊ हजार ओळींचं झालं. हे व्याकरण त्या बंद टूलच्या स्वतःच्या लिपीत लिहिलेलं. दुसरं कुठलंही टूल ते वाचू शकत नव्हतं.

तर ते वाचणारं टूल मी लिहायला घेतलं. तीन महिने लागतील असं मीटिंगमध्ये सांगितलं होतं. दोन वर्षं लागली.

पार्सर जनरेटर काय करतो हे समजवायला मला मराठीचा फार उपयोग होतो. ‘तिने काल आणलेल्या नव्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाव लिहिलं.’ क्रियापद येईपर्यंत ऐकणाऱ्याने सगळं हातात धरून ठेवायचं असतं. कोण, कधी, कशावर, काय, हे एकावर एक रचत जायचं आणि काही शब्द जुळले की त्यांची एक मोळी बांधून ती परत त्याच चळतीवर ठेवायची. ‘नव्या पुस्तकाच्या’ ही एक मोळी, ‘पहिल्या पानावर’ ही दुसरी. पार्सरच्या भाषेत चळतीला स्टॅक म्हणतात, शब्द वर ठेवण्याला शिफ्ट, मोळी बांधण्याला रिड्यूस. मराठी तर आगाऊ इशाराही देते. ‘नवी घराची किल्ली’ आणि ‘नव्या घराची किल्ली’ यांत पहिला शब्द कानावर पडताक्षणी कळतं की नवेपण किल्लीचं आहे की घराचं. सामान्यरूप दिसलं की पुढे विभक्ती येणार हे ठरलेलंच. आता ‘जुनी पुस्तकं आणि मासिकं’ घ्या. मासिकं जुनी आहेत की नाहीत? ‘पुस्तकं’पर्यंत वाचलं, पुढे ‘आणि’ दिसतोय. इथे ‘जुनी पुस्तकं’ची मोळी बांधायची की ‘आणि’ वर ठेवून पुढे जायचं? व्याकरणाचे नियम दोन्हीला हो म्हणतात. याचं नाव शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्ट. तो नेमका कुठे होतो हे पार्सर बनण्याआधीच दाखवून देणं, ही जनरेटरची माझ्या मते सगळ्यात मोठी सेवा.

या सगळ्याचा पाया संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी १९६५ साली घातला. डावीकडून उजवीकडे एकदाच वाचत, पुढचे मोजके शब्द डोकावून पाहत, न अडखळता अर्थ कसा लावता येईल याचं त्यांनी गणित मांडलं. गणित चोख होतं, पण त्यातून निघणारी, केव्हा शिफ्ट आणि केव्हा रिड्यूस हे सांगणारी टेबलं त्या काळच्या संगणकांच्या मेमरीत मावणं मुश्किल. १९६९ मध्ये फ्रँक डीरेमर यांनी त्यावर काटकसरीचा उपाय काढला, एलएएलआर. मग बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी त्यावर यॅक हे टूल बांधलं. यॅक या नावाचा विस्तार ‘आणखी एक कंपायलर-कंपायलर’ असा आहे, म्हणजे कंपायलर बनवायला मदत करणारं आणखी एक टूल. म्हणजे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच या टूल्सची इतकी गर्दी झाली होती की नाव ठेवताना ती चेष्टा सुचावी.

कॉन्फ्लिक्ट आला की यॅक दोन सरधोपट नियम लावतो. शिफ्ट की रिड्यूस असा पेच असेल तर शिफ्ट. दोन रिड्यूसमध्ये पेच असेल तर फाइलमध्ये जो नियम आधी लिहिला तो. पाणिनीचंही यावर सूत्र आहे, ‘विप्रतिषेधे परं कार्यम्’. तुल्यबळ नियमांत विरोध आला तर नंतरचा धरावा, असा त्याचा परंपरेने केलेला अर्थ. यॅकच्या बरोबर उलट! मला कधीकधी वाटतं, आमच्या बंद टूलच्या आत कोण बसलंय, जॉन्सन की पाणिनी, एवढं कळलं असतं तरी माझे दोन महिने वाचले असते.

‘बायसन का नाही वापरत?’ हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला की उत्तर पाठ झालं. बायसन हे यॅकचं मुक्त, म्हणजे सोर्स कोड सगळ्यांना खुला असलेलं भावंड, १९८५ पासूनचं, उत्तम टूल. पहिला महिना मी आमचं व्याकरण बायसनच्या लिपीत आपोआप बदलून देणारा प्रोग्राम लिहिण्यातच घालवला. लिपी बदलली, पण तिच्याबरोबर वागणंही बदललं. म्हणजे बदलायला नको होतं तेच बदललं: तीच भाषा, तेच नियम आणि पार्सरने काढलेली झाडं, म्हणजे वाक्यांच्या रचनेचे आराखडे, वेगळी. कारण नियम कागदावर असतात, पेचाच्या वेळी काय करायचं ते टूलच्या पोटात.

आणि त्या पोटात डोकावायला मनाई होती. परवान्यातच स्पष्ट लिहिलं होतं की टूलची बायनरी, म्हणजे यंत्राच्या भाषेतली फाइल, उघडून तपासायची नाही. त्यापेक्षा अवघड दुखणं वेगळं होतं. जनरेटर जी फाइल तयार करतो तिच्यात आमची टेबलं असतात, पण ती चालवणारा चारशे-पाचशे ओळींचा सांगाडा जनरेटरवाल्यांचा असतो, त्यांच्या कॉपीराइटच्या ओळीसकट. याच मुद्द्यावर बायसनचीही एकेकाळी अडचण झाली होती. त्याचा सांगाडा जीपीएलखाली, म्हणजे त्यातून बनलेलंही मुक्तच ठेवायला लावणाऱ्या परवान्याखाली, म्हणून त्यातून निघालेला प्रत्येक पार्सरही त्याच अटींत अडकायचा. १.२४ या आवृत्तीपासून त्यांनी ती अट सैल केली.

आम्ही जुनाच, कसाला उतरलेला मार्ग धरला. फिनिक्स कंपनीने १९८४ मध्ये आयबीएम पीसीचा बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम, याच रीतीने नव्याने लिहिला होता. एकाने मूळ वाचून साध्या वाक्यांत वर्णन लिहायचं. दुसऱ्याने मूळ कधीच पाहायचं नाही, फक्त वर्णनावरून कोड लिहायचा. माझ्या शेजारी बसणारा सहकारी वाचणारा झाला, मी न पाहणारी. परिणाम असा की दोन वर्षं आमच्याच रिपॉझिटरीतली, म्हणजे कोडच्या साठ्यातली, एक फाइल मला निषिद्ध होती. चुकून शोधात तिचं नाव आलं की मी मान वळवायचे. तो हसायचा, ‘अगं, ती फाइल चावत नाही.’

बाकी सगळं बाहेरून ऐकून शिकायचं. अँड्र्यू ट्रिजेल यांनी सांबा, म्हणजे वेगवेगळ्या जातीच्या संगणकांना नेटवर्कवर फाइली वाटून घेऊ देणारं सॉफ्टवेअर, कसं लिहिलं याची गोष्ट मी तेव्हा पुन्हा वाचली. दुसऱ्या कंपनीच्या संगणकांचं आपापसातलं बोलणं त्यांना नेटवर्कवर ऐकू येत होतं, पण त्याचं व्याकरण कुणी देत नव्हतं. ते या पद्धतीची तुलना फ्रेंच न येता फ्रेंच कॅफेत बसण्याशी करतात. कोण काय म्हणतं आणि वेटर काय आणतो हे पाहत राहायचं. मग हळूच आपण एक शब्द टाकून बघायचा. याच ट्रिजेल यांनी २००५ मध्ये बिटकीपर या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलच्या सर्व्हरला टेलनेटने जोडून ‘हेल्प’ एवढंच टाइप केलं होतं, आणि सर्व्हरने आज्ञांची यादी छापली. त्या वादात लिनक्सवाल्यांचा बिटकीपरचा फुकट वापर संपला आणि लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी त्याच कामासाठी गिट लिहायला घेतलं. आमच्या टूलला ‘हेल्प’ म्हटलं तर ते परवाना क्रमांक विचारायचं.

मग मी शब्द टाकून बघत बसले. तीन नियमांची, पाच नियमांची व्याकरणं लिहायची, जुन्या टूलला खायला घालायची आणि त्याने काढलेला अहवाल वाचायचा. अहवालात स्टेट्सची संख्या आणि कॉन्फ्लिक्टची यादी असायची. स्टेट म्हणजे वाचता वाचता पार्सर ज्या टप्प्यावर उभा असतो तो टप्पा. पहिला धागा तिथेच सापडला. आमच्या मोठ्या व्याकरणासाठी जुनं टूल २,३१६ स्टेट्स सांगत होतं आणि माझं २,२९१. वर माझं टूल दोन जागी रिड्यूस-रिड्यूस कॉन्फ्लिक्ट दाखवत होतं, जुनं एकही नाही. मी एलएएलआर लिहिलं होतं. डीरेमर आणि पेनेलो यांनी १९८२ मध्ये दिलेली पद्धत, ओळ न ओळ तपासलेली. आठवडाभर मी स्वतःची चूक शोधत होते. कनुथ यांच्या मूळ पद्धतीने रात्रभर हिशोब लावून पाहिला तर आकडा कितीतरी हजारांत गेला. म्हणजे जुनं टूल तेही करत नव्हतं. एलएएलआरपेक्षा फक्त पंचवीस जास्त? पंचवीस हा काय आकडा झाला?

कागदावर खेळणं मांडल्यावर उलगडा झाला. समजा, वाक्य ‘क’ने सुरू होतं किंवा ‘ख’ने, मग ‘प’ येतो, आणि शेवटी ‘च’ किंवा ‘ट’. ‘क’ने सुरुवात झाली असेल आणि शेवटी ‘च’ दिसला तर मधल्या ‘प’ला एक नाव द्यायचं, ‘ट’ दिसला तर दुसरं. सुरुवात ‘ख’ने झाली तर बरोबर उलट. माणसाला यात काही गोंधळ नाही. पण एलएएलआर काटकसर करतं. ‘क’नंतरचा ‘प’ आणि ‘ख’नंतरचा ‘प’ या दोन खोल्या आतून सारख्याच दिसतात म्हणून मधली भिंत पाडतं, आणि मग कोण कुठल्या दाराने आलं हेच विसरतं. नसलेला पेच उभा राहतो. डेव्हिड पेजर यांनी १९७७ मध्ये याचं औषध दिलं होतं: भिंती पाडा, पण पाडल्याने पेच उभा राहण्याचा धोका असेल तिथे राहू द्या. माझ्या अदृश्य प्रोग्रामरने पेजर वाचला होता! ज्या काळी बहुतेक सगळे एलएएलआरवर समाधानी होते त्या काळी यांनी जास्तीची मेहनत घेतली, आणि तिचा उल्लेख मॅन्युअलमध्ये एका शब्दानेही केला नाही. मी पेजरची पद्धत लिहिली. आकडा आला २,३१८. पेजरमध्ये स्टेट्स कुठल्या क्रमाने जोडत जाता त्यावर आकडा थोडा हलतो. क्रम बदलला. २,३१६. त्या संध्याकाळी मी कुणाशीच काही बोलले नाही. सांगितलं असतं तरी सांगणार काय, की दोन कमी झाले?

त्या दिवसापासून मी त्या माणसाचा, किंवा बाईचा, आदर करू लागले आणि तिथेच पुढच्या फजितीची सोय झाली.

आमच्याकडे गेल्या वीस वर्षांतले सहा हजारांवर खरे प्रोग्राम साठवलेले होते. दोन्ही पार्सरांतून ते सगळे काढायचे आणि निघालेली झाडं ताडून पाहायची, ही आमची कसोटी. पेजरनंतर बहुतेक जुळले. काहीशे मात्र अडले, आणि सगळे एकाच जागी: ‘नमुना’ या शब्दाशी. आमच्या भाषेत तारीख कशी छापायची ते सांगायला ‘नमुना देय_तारीख’ असं लिहून पुढे दिदि/मम/वववव असं काहीतरी लिहितात. ही तिरकी रेघ भागाकाराची नाही, मजकूर जसाच्या तसा उचलायचा. म्हणून व्याकरणात नावानंतर लगेच एक छोटी क्रिया खोचलेली होती. ती लेक्सरला सांगायची, आता पुढचं कच्चं वाच. लेक्सर म्हणजे अक्षरांतून शब्द तोडून देणारा, पार्सरच्या आधीचा गडी.

माझ्या पार्सरची तक्रार अशी होती: ‘/मम/वववव अनपेक्षित’. मी दिवसभर त्या तिरक्या रेघेकडे बघत बसले. रेघ कच्च्या मजकुरात आहे म्हणजे लेक्सरने सूचना ऐकली. मग ‘दिदि’ कुठे गेलं? शेवटी लेक्सरने पुरवलेले शब्द एकेक करून छापले. ‘दिदि’ त्याने साधं नाव म्हणून आधीच तोडून दिलं होतं. एक नमुना दोन तुकड्यांत फाटला होता, पहिला तुकडा जुन्या शिस्तीत, दुसरा नव्या. सूचना पोहोचली होती. एका शब्दाने उशिरा.

त्या नियमाच्या डोक्यावर एक टिप्पणी होती: ‘इथे हात लावू नका.’ खाली आद्याक्षरं. ती आमच्याकडून निवृत्त झालेल्या एका सरांची. मी फोन लावला.

‘सर, नमुन्याच्या नियमावर तुम्ही लिहून ठेवलंय...’

‘अगं, ते अजून तसंच आहे?’ ते हसायलाच लागले. मग म्हणाले, ‘ती क्रिया मी आधी नावाच्या आधी टाकून पाहिली, मग आणखी दोन ठिकाणी. चालली फक्त तिथेच. तेव्हा कंपनीला विचारलं होतं. ते म्हणाले, चालतंय, पण हमी देत नाही. मग मीही ठेवून दिलं. का चालतंय ते मलाही कळलं नव्हतं.’

आता कळत होतं. माझा पार्सर प्रत्येक पावलाआधी पुढचा शब्द मागून घ्यायचा आणि मग टेबलात बघायचा. जुना पार्सर आधी टेबलात बघायचा. या स्टेटमध्ये एकच रिड्यूस शक्य आहे, पुढे काहीही आलं तरी हेच करायचंय, असं असेल तर पुढचा शब्द मागायचाच कशाला? तो मागायचाच नाही. क्रिया आधी व्हायची, लेक्सरला सूचना मिळायची, आणि मग शब्द तोडला जायचा. मी याला आधी बग म्हटलं होतं, चक्क वहीत तसं लिहून ठेवलं होतं. मग यॅककडे पाहिलं तर त्याचीही हीच रीत. बायसनच्या मॅन्युअलमध्ये पार्सरने लेक्सरचे कान पिळण्याच्या या प्रकाराला नावही आहे, लेक्सिकल टाय-इन. या आळसामागे एक साधं कारण आहे. टर्मिनलवर चालणारं कॅल्क्युलेटर घ्या. ‘दोन अधिक तीन’ लिहून एंटर दाबलं की उत्तर यायला हवं. पार्सर प्रत्येक वेळी पुढच्या शब्दासाठी हटून बसला, तर पहिलं उत्तर पडद्यावर येण्यासाठी तुम्हाला दुसरं गणित लिहावं लागेल. कुणीतरी कधीतरी अशा कॅल्क्युलेटरसमोर ताटकळत बसलं असणार आणि त्यातून हा आळस जन्माला आला असणार.

माझ्या कोडमध्ये तीन ओळींचा बदल. त्यासाठी अकरा दिवस.

सगळेच गुण नव्हते हेही सांगायला हवं. नियमात दोन चिन्हं असतील तर त्यांतल्या कुणाचा अग्रक्रम (बेरजेआधी गुणाकार, तसा) धरायचा? यॅक शेवटच्या चिन्हाचा धरतो. आमच्या जुन्या टूलचं मॅन्युअलही ‘शेवटच्या’ असंच म्हणत होतं. टूल मात्र पहिल्याचा धरायचं. हा निखळ बग, याला कुठल्याही कॅल्क्युलेटरची सबब नाही. पण आमच्या व्याकरणातले चार नियम त्या बगवर पाय रोवून उभे होते, आणि त्यांच्यावर न जाणो किती अहवाल. मॅन्युअलचं ऐकायचं की टूलचं? सहकारी मॅन्युअलच्या बाजूने होता. मी टूलच्या. वाद बराच चिघळला, शेवटी एक खटका ठेवला आणि त्याचं नाव ‘जुनी चाल’. नव्याने येणाऱ्याला मॅन्युअलप्रमाणे, आम्हाला बगाप्रमाणे. शब्दांच्या क्रमांकांचंही तेच. यॅक स्वतःकडे २५६ हा ‘चूक’साठी ठेवतो आणि तुमच्या शब्दांना २५७ पासून क्रमांक देतो, बायसन २५८ पासून. आमचं जुनं टूल ३०० पासून द्यायचं, का ते त्यालाच ठाऊक. आणि कुणा महाभागाने हे आतले क्रमांक साठवलेल्या फाइलींत लिहून ठेवलेले! तेव्हा आम्हीही ३०० पासून.

मधल्या काळात सहकाऱ्याने एकदा सरळ सुचवलं की हे सगळं सोडून देऊ आणि पार्सर हातानेच लिहू. त्याचं म्हणणं पोकळ नव्हतं. जीसीसी या मुक्त कंपायलरने सी++चा बायसनवाला पार्सर २००४ मध्ये ३.४ आवृत्तीत काढून हाताने लिहिलेला बसवला, आणि ४.१ मध्ये सीचाही. चूक दाखवणाऱ्या सूचना हातच्या पार्सरमध्ये जास्त माणसाळलेल्या देता येतात, हे मान्य. पण हाताने लिहिलेल्या पार्सरला व्याकरणातला पेच दिसत नाही. तो मुकाट्याने एक वाट धरतो आणि तीच भाषा होऊन बसते. आमच्या भाषेत अजून दर महिन्याला कुणीतरी नवा शब्द मागतं. मला पेच दिसलेला बरा. रुबी या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांनी २०२३ च्या अखेरीस ३.३ आवृत्तीत बायसन काढून त्याच लिपीचं, रुबीतच लिहिलेलं लरामा हे जनरेटर घेतलं, तेव्हा मला उगाचच आपली बाजू जिंकल्यासारखं वाटलं. पुढच्याच वर्षी ३.४ मध्ये त्यांचा हाताने लिहिलेला प्रिझम हाच मुख्य पार्सर झाला. ते मी सहकाऱ्याला सांगितलं नाही. त्याला आपणहून कळलं.

टूल मुक्त का करायचं, हा प्रश्न वरून आला तेव्हा मी भाषण तयार ठेवलं होतं. ते लागलंच नाही. मी त्यांना खालच्या फळीपर्यंत नेलं आणि चिकटपट्टी दाखवली. परवाना अगदी ढिला निवडला, आणि सांगाड्यावर तर कसलीच अट ठेवली नाही. तुमच्या व्याकरणातून निघालेला पार्सर तुमचा. तो संगणक आम्ही आणखी तीन महिने चालू ठेवला, दोन्ही टूल्स शेजारी शेजारी चालवली, आणि मग एका शुक्रवारी बंद केला. डाँगल माझ्या खणात आहे.

एक गोष्ट मात्र मला अखेरपर्यंत जमली नाही. जुनं टूल स्टेट्सना क्रमांक कुठल्या हिशोबाने द्यायचं ते. एकूण संख्या जुळते, प्रत्येक स्टेटच्या आतलं जुळतं, पण माझी सतरावी तिकडे चारशे तिसावी असते. अक्षरांप्रमाणे लावून पाहिलं, लांबीप्रमाणे, उलट क्रमाने. त्यावर कुणाचंच काही अडत नाही, म्हणून सोडून दिलं. तरी अधूनमधून जेवणाच्या सुट्टीत एखादी नवी कल्पना चालवून बघते.

टूल बाहेर पडून सात-आठ महिने झाले असतील, एका अनोळखी माणसाची तक्रार आली. नव्या आवृत्तीत त्याच्या एडिटरच्या सूचना बिघडल्या होत्या. मी पाहिलं. चूक झाली की ‘इथे अमुक-तमुक शब्द चालले असते’ अशी यादी आमचं टूल देतं. आधी ती व्याकरणात शब्द ज्या क्रमाने जाहीर केले त्या क्रमाने यायची. तो क्रम कुणी ठरवलेला नव्हता, कोड जसा लिहिला गेला तसा पडला होता. वाचायला बरी म्हणून मी ती अकारविल्हे लावली, आणि बदलांच्या यादीत त्याची नोंदही केली नाही. कोण पाहतंय? या माणसाचा एडिटर पाहत होता. तो यादीतला पहिला शब्द सगळ्यात संभाव्य समजून वापरणाऱ्यापुढे ठेवायचा, आणि त्यासाठी या माणसाने व्याकरणातले शब्द निगुतीने, वापराच्या क्रमाने जाहीर केले होते. आमच्या मॅन्युअलमध्ये या क्रमाबद्दल एक अक्षर नव्हतं.

‘चालतंय, पण हमी देत नाही,’ असं मी उत्तरात लिहिलंसुद्धा. पाठवलं नाही.

जुना क्रम परत आणला. एक चाचणी लिहिली. त्या ओळीवर टिप्पणी टाकली, ‘इथे हात लावू नका’, आणि फाइल बंद केली. मग परत उघडली आणि खाली चार ओळी आणखी लिहिल्या: कशासाठी, कुणाची तक्रार, कोणत्या आवृत्तीत मोडलं होतं, आणि हा क्रम कुणी मुद्दाम ठरवलेला नव्हता हेसुद्धा.